सुतळी सोडून

चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात मी तोलाईदार.
हळदीचं पोतं काट्यावर चढायच्या आधी
नुसता गुडघा टेकवून सांगायचो,
पाऊण किलो कमी आहे. सुतळी सोडून.
आडते हसायचे, काटा बघायचे,
मग हसायचे थांबायचे.

आणि ह्या चैत्रात
न्हाणीच्या उंबऱ्यावर माझाच तोल गेला.
तीन इंचांचा उंबरा.
हाड मोडलं नाही, डॉक्टर म्हणाले, नशीब.
पण त्या दिवसापासून घर वाढलं.
खाटेपासून न्हाणीपर्यंत आठ पावलं होती,
ती आता एकोणीस भरतात,
आणि भिंत हाताला पुरत नाही.
आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं,
असं लोक विचारतात ना पावसाळ्यात,
तसं राजमती सकाळी विचारते :
आज भीती किती?

मिरजेहून आफरीन मुल्ला आली, स्कूटीवरून,
माझ्या नातीएवढी.
म्हणाली, आजोबा, ओट्याला धरून उभे राहा.
टाचा वर, टाचा खाली.
खुर्चीतून उठा, हात न टेकता.
फरशीच्या रेघेवरून चाला, अंगठ्याला टाच लावत.
मग एक पाय उचला, दहा मोजेपर्यंत.
जवळ कुणीतरी असू द्या.
मी म्हटलं, पोरी, शंभर किलोचं पोतं हलवलंय ह्या पायांनी,
हा काय व्यायाम झाला?
ती म्हणाली, मग उचला ना.
उचलला.
तीन व्हायच्या आत ओटा गच्च धरला,
भांड्यातली पळी खाली पडून
बराच वेळ वाजत राहिली.

तेव्हापासून दूध तापायला ठेवलं की
स्वयंपाकघरात आमचा यार्ड भरतो.
मोजतो मी यार्डाच्या रीतीनं :
लाभ, दोन, तीन…
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही.
एक म्हटलं की माल एकटा पडतो,
असं वडील सांगायचे.

राजमती मागे उभी असते,
तळवा माझ्या पाठीपासून चार बोटं लांब.
लागत नाही, ऊब लागते.
तिला वाटतं, ह्यांना कळत नाही.
पाऊण किलो ओळखणाऱ्याला!
हल्ली तीही टाचा उचलते, चोरून.
तिचा गुडघा वाजतो
तेव्हा मी मोठ्यानं मोजतो.

पूर्वी सौद्यात भाव तोंडानं बोलत नसत.
रुमालाखाली हातात हात,
बोटं दाबून ठरायचं सगळं.
श्रावणात एकदा तिनं ओट्यावरचं फडकं उचललं,
आमच्या हातांवर टाकलं,
म्हणाली, बोला आता.
मी एका पायावर.
फडक्याखाली तिची चार बोटं.
मग तीन.
दूध कडेनं सळसळायला लागलं.
दोन.
भाव पाडतंय कोण, चढवतंय कोण, कळेना.
मग नुसती करंगळी.
मी मनात म्हटलं, लाभ.
मग तीही नव्हती.
दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला,
तिनं गॅस बंद केला नाही,
मी पाय टेकवला नाही.

काल यार्डात जाऊन आलो. काठी होती,
पण काखेत.
आता आकड्यांचे काटे आहेत, तोलायला काल आलेली पोरं.
एकजण म्हणाला, आण्णा, चढा की.
चढलो.
लाल आकडा जरा वेळ थरथरला,
साठ, एकसष्ट, साठ,
मग थांबला.
मी म्हटलं, चपला वजा कर.

उंबरा अजून तीन इंचांचाच आहे.
राजमतीनं त्यावर हळदीचा पट्टा ओढलाय,
शुभ म्हणून नव्हे,
चष्म्याशिवाय दिसावा म्हणून.
दर चार दिवसांनी पुसट होतो.
परवा तिला कंटाळा आला होता,
वाटी घेऊन मीच खाली बसलो.
उठताना कशाला धरलं
ते आता आठवत नाही.